तक्रार नव्हती म्हणून

बरीच वर्षं माझं एक ठाम मत होतं. ज्या धंद्यात खरा माल हातात पडतो, कंपनी नोंदलेली असते, कमिशन बँकेत जमा होतं आणि त्यावर करही कापला जातो, तो धंदा फसवणुकीचा असू शकत नाही. नेटवर्क मार्केटिंग किंवा एमएलएम म्हणून जे चालतं त्याबद्दल कुणीही विचारलं तर मी हेच सांगत असे. त्यात कुणाला पैसे मिळाले नाहीत, तर त्याची मेहनत कमी पडली असणार. माझ्या लेखी सर्वांत मोठा पुरावा असा, की आमच्या तंजावरात, माझ्या ओळखीच्या इतक्या घरांत हे चाललं, पण पोलिसांत कुणी गेलं नाही. तक्रार नाही, म्हणजे नुकसान नाही.

हे मत आज माझं नाही. कुणाचं भाषण ऐकून किंवा कुणी बुडाल्याची बातमी वाचून ते बदललं नाही. ते माझ्याच टेबलावर, हिशेब मांडता मांडता बदललं. म्हणून ते कसं बदललं हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

मी तंजावरची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इकडे आलेल्या घरांपैकी आमचं एक घर. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि आमच्यातल्या कित्येकांना मराठी वाचायची तर ती तमिळ लिपीतच लिहावी लागते. मी एका ऑडिटरच्या ऑफिसात काम करते. तमिळनाडूत सीएला सगळे ऑडिटरच म्हणतात. आयकराची रिटर्नं भरणं, जीएसटी, छोट्या दुकानांची पुस्तकं ठेवणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मेल वीथीच्या आसपासच्या आमच्या लोकांत पैशाचा प्रश्न आला की तो माझ्याकडे यायचा. चिटी लावू का, फिक्सला ठेवू का, ही कंपनी खरी आहे का. एमएलएमबद्दलही असंच विचारायला यायचे. मी कंपनीची नोंदणी पाहायचे, कर भरते का ते पाहायचे आणि म्हणायचे, खरी आहे.

विचारायला येणाऱ्या बहुतेक बायकाच. नवऱ्याची बँकेत किंवा शाळेत नोकरी, मुलगा बंगळुरात किंवा आखातात, स्वतः बीकॉम किंवा बीएस्सी, आणि हातात दुपार मोकळी. त्यांच्याकडे हे कुणी परकं माणूस घेऊन येत नसे. नणंद आणायची, भाच्याची बायको आणायची, भजनाला शेजारी बसणारी आणायची. आधी साबण, टूथपेस्ट, प्रोटीनची पावडर. मग त्रिचीच्या एखाद्या हॉटेलात मीटिंग. तिथे कोट घातलेला तरुण पांढऱ्या फळ्यावर गोल काढून प्लॅन दाखवायचा. मधला गोल तुमचा, खाली सहा गोल, त्या प्रत्येकाखाली आणखी सहा. तुमच्या वरचा तो अपलाइन, खालचे ते डाऊनलाइन. घरी जाऊन शंभर नावांची यादी करा, नातेवाइकांपासून सुरुवात करा, आणि नकारात्मक बोलणाऱ्यांपासून दूर राहा.

कमिशन मिळायचं त्यावर कंपनी आयकर कायद्याच्या कलम १९४-एच खाली कर कापायची. तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागतं, म्हणून या बायका ऑफिसात यायच्या. माझ्यासमोर येणारा कागद म्हणजे २६-एएस, कापलेल्या कराचा तक्ता. त्यात वर्षाचं कमिशन स्पष्ट दिसायचं. कुणाचं वीस हजार, कुणाचं चाळीस. ते पाहून मला समाधान वाटायचं. काल-परवापर्यंत ज्यांच्या नावावर एक पैसा उत्पन्न नव्हता, त्यांच्या नावावर उत्पन्न दिसत होतं. माझ्या जुन्या मताचा पाया हा कागद होता. त्यात फक्त आलेले पैसे असतात, गेलेले नसतात, हे हिशेब करणाऱ्या माणसाला आधी सुचायला हवं. पण ते सुचायलाही कुणीतरी गेलेल्या पैशांचे कागद टेबलावर ठेवावे लागतात.

ते माझ्या नात्यातल्या एका मावशींनी ठेवले. त्या शिस्तीच्या. कुठे तरी ऐकलं होतं की खर्च दाखवला तर कर कमी होतो, म्हणून वर्षभराच्या पावत्या एका कापडी पिशवीत भरून घेऊन आल्या. मी म्हटलं, मावशी, तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेतच आहे, खर्च दाखवायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "तरी लिही गं. मलाही कळू दे." म्हणून मी एका कोऱ्या वहीत डावीकडे आलेले आणि उजवीकडे गेलेले पैसे मांडायला बसले.

उजवी बाजू थांबेना. कमिशन चालू राहावं म्हणून दर महिन्याला स्वतःच्या नावावर ठरावीक पॉइंटचा माल घ्यावा लागे. त्यातला निम्माही घरात वापरला जात नव्हता, कपाटात पडून होता. खालच्या दोघी-तिघींचे पॉइंट महिनाअखेरीला कमी पडले, की त्यांची पायरी खाली येऊ नये म्हणून मावशीच त्यांच्या नावावर माल घेत. त्रिचीच्या मीटिंगचं बसभाडं, कधी तिघींनी मिळून केलेल्या टॅक्सीचं भाडं. चेन्नईच्या मोठ्या संमेलनाचं तिकीट, तिथला मुक्काम, तिथे मिळणारी पुस्तकं आणि सीडी. नवी माणसं घरी बोलवायची म्हणून फराळ. फोनचं बिल. चुलत जाऊबाईंना भेट म्हणून दिलेली क्रीमची बाटली. डावीकडे होतं ते एका आकड्यात संपलं. उजवीकडचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा होता, आणि त्यात त्यांच्या वेळेची किंमत मी धरलीच नव्हती.

मावशी आळशी नव्हत्या. मेहनत कमी पडली हे माझं नेहमीचं उत्तर त्यांच्या बाबतीत लागू होईना. पहाटे उठून स्वयंपाक आटोपून बाहेर पडणारी, पावत्या जपून ठेवणारी, शब्द पाळणारी बाई. तिला हे जमत नसेल तर कुणाला जमणार? म्हणून मी पहिल्यांदा प्लॅनकडे माणसं बाजूला ठेवून, नुसतं गणित म्हणून पाहिलं.

समजा, प्रत्येक जण महिन्याला ३,००० रुपयांचा माल स्वतःसाठी घेतो आणि प्रत्येकाने सहा जण आणायचे आहेत. कमिशनच्या पायऱ्या ३ टक्के, ६ टक्के, १२ टक्के अशा; गटाची खरेदी वाढली की पायरी वर. हे आकडे मी सोपेपणासाठी धरले आहेत, पण रचना बहुतेक प्लॅनची अशीच असते, आणि खालच्याला जेवढे टक्के मिळतात ते वजा करून उरलेला फरक वरच्याला मिळतो. ज्याच्या खाली कुणी नाही त्याला ३ टक्क्यांनी ९० रुपये मिळतात. ज्याच्या खाली सहा जण आहेत त्याच्या गटाची खरेदी २१,००० होते, पायरी ६ टक्के, आणि खालच्यांचे ३ टक्के वजा जाता त्याच्या हातात ७२० रुपये येतात. त्या सहांनीही प्रत्येकी सहा आणले, म्हणजे खाली बेचाळीस जण झाले, की गटाची खरेदी १,२९,००० होते आणि हातात ७,९२० रुपये येतात. मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला जातो तो हा तिसरा आकडा. त्रिचीला जाण्या-येण्याचा आणि न खपलेल्या मालाचा खर्च भरून निघायला सुरुवात होते तीही इथूनच.

आता प्रश्न एवढाच, की या तिसऱ्या जागी किती जण पोचू शकतात. सगळी साखळी अगदी ठरल्याप्रमाणे भरली, कुणीही मध्येच सोडलं नाही, प्रत्येकाने सहाच्या सहा आणले, असं धरलं तरी कोणत्याही क्षणी एकूण माणसांतले सहांपैकी पाच जण सर्वांत खालच्या रांगेत असतात. त्यांना ९० रुपये. आणि ज्यांच्या खाली दोन पूर्ण रांगा आहेत असे छत्तीसांत एक. साखळी कितीही मोठी होऊ द्या, हे प्रमाण हलत नाही, कारण प्रत्येक नवी रांग वरच्या सगळ्या रांगांच्या बेरजेच्या पाचपट असते. एखाद्या बाईने दुप्पट मेहनत केली तर ती खालून वर जाईल, पण तिला वर नेण्यासाठी बेचाळीस जण खाली यावे लागतील. छत्तीसांतले पस्तीस मागे राहतात ते त्यांच्या आळसामुळे नव्हे, प्लॅनची मांडणीच तशी आहे म्हणून. ज्या प्लॅनमध्ये डाव्या आणि उजव्या दोन पायांवर साखळी उभी करायची असते तिथे तर आणखी एक अडचण असते. कमिशन दोन्ही बाजू जुळल्या तेवढ्यावरच मिळतं, आणि कमजोर पायासाठी माणसं शोधण्यातच सगळं बळ खर्च होतं.

हेच गणित मी आमच्या गावावर लावून पाहिलं. २०११ च्या जनगणनेत तंजावर शहराची लोकसंख्या २,२२,९४३ होती. एका माणसापासून सुरुवात केली, प्रत्येकाने सहा आणले, तर सातव्या रांगेतच २,७९,९३६ माणसं लागतात. पाळण्यातल्या मुलांना धरूनही शहर पुरत नाही. नवव्या रांगेला चोवीस लाखांचा अख्खा जिल्हा कमी पडतो.

आमच्या बायका पिढ्यान्पिढ्या चिटी लावत आल्या आहेत. महाराष्ट्रात तिला भिशी म्हणतात. वीस जणी, दरमहा ठरावीक रक्कम, वीस महिने. प्रत्येकीचा नंबर एकदा लागतो आणि मग चिटी संपते. १९८२ च्या चिट फंड कायद्यात चिटी चालवणाऱ्याचं कमिशन आधी ५ टक्क्यांपर्यंत होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ७ टक्क्यांपर्यंत झालं. चिटीत वीस जणी आहेत तर वीस जणींनाच पैसे मिळतात. एकविसावी आणायची गरज कधी पडत नाही. मी इतकी वर्षं दोन्हींना एकाच मापाने मोजत होते, कारण दोन्हींत ओळखीच्या बायका होत्या आणि दोन्हींत विश्वास होता.

मग माझ्या मनात शंका आली ती अशी. गणित इतकं उघड आहे, तर हे कोसळत का नाही? आमच्या भागात कोसळलेल्या गोष्टी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. २०१२ मध्ये ईरोडजवळच्या पेरुंदुरईची सुसी ईमू फार्म्स बुडाली आणि ईमूच्या पिलांमागे पैसे घातलेले शेतकरी रस्त्यावर आले. २०२१ च्या जुलैत आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कुंभकोणमच्या भिंतींवर पोस्टर लागली. 'हेलिकॉप्टर ब्रदर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन भावांनी पैसे दुप्पट करून देतो म्हणून लोकांकडून कोट्यवधी घेतले आणि परत केले नाहीत, अशी तक्रार होती. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. २०२२ मध्ये चेन्नईच्या आरुद्रा गोल्डचं प्रकरण बाहेर आलं, २,४०० कोटींहून मोठं. या सगळ्यांत लोक पोलिसांत गेले. १९९७ चा तमिळनाडूचा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपला एमपीआयडी कायदा केला, तो या तक्रारींमुळेच कामाला लागला.

मावशींच्या कंपनीविरुद्ध मात्र कुणीच तक्रार केली नाही. मी चौकशी केली. आमच्याच नात्यात आणि भजनमंडळीत ज्यांनी ते कधी ना कधी धरलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी ते सोडलं होतं. कुणी एका वर्षात, कुणी दोन. प्रत्येकीचा सूर एकच होता: कंपनी चांगली, माल चांगला, मलाच जमलं नाही. हे वाक्य इतक्या घरांतून इतकं सारखं ऐकल्यावर मला त्याची भीती वाटू लागली. ठेवीच्या योजनेत पैसे बुडाले तर घेणारा परका असतो. इथे तुमचे पैसे ज्यांच्यामुळे गेले त्या नणंदेच्या, जावेच्या, बहिणीच्या हातात तुम्ही पोलिसाचा कागद देणार का? आणि तुम्ही स्वतःही दोघी-चौघींना आणलेलं असतं. तक्रार करायची म्हणजे आपलंही नाव त्यात घालायचं. त्यापेक्षा कपाटातल्या बाटल्या कामवालीला देऊन टाकायच्या आणि विषय बंद करायचा. जी रिकामी जागा होते तिथे नवी माणसं येतात. ठेवीची योजना कोसळते, कारण सगळे एकदम पैसे मागतात. इथे कुणी काही मागतच नाही. माणसं एकेक करून, गप्प, स्वतःला दोष देत बाहेर पडतात, आणि म्हणूनच कंपनी पंचवीस-पंचवीस वर्षं उभी राहते. मी ज्याला समाधानाचा पुरावा म्हणत होते तीच या धंद्याची ताकद होती.

या गप्प बसण्याची दुसरी बाजूही असते. २०२४ च्या जानेवारीत कोइमतूरमध्ये मायव्ही३ ॲड्स या कंपनीवर गुन्हा दाखल झाल्यावर हजारो सभासद रस्त्यावर जमले, ते तक्रार करायला नव्हे, कंपनीच्या बाजूने उभं राहायला. फोनवर जाहिराती पाहा, सभासद वाढवा आणि पैसे मिळवा, अशी ती योजना होती. टीव्हीवर ती गर्दी पाहताना ऑफिसातले सगळे त्यांना वेडे म्हणत होते. मला तसं वाटलं नाही. ज्याने आपले मेहुणे, मित्र आणि शेजारी आत आणले आहेत, त्याच्यासाठी कंपनी खोटी ठरणं म्हणजे स्वतः त्यांच्यासमोर खोटं ठरणं असतं.

कायद्याचं वाचन मी त्यानंतर केलं, आणि आमच्या ऑडिटर सरांनी मला त्यात मदत केली. माल आहे म्हणजे धंदा खरा, हे माझं दुसरं मत तिथे गेलं. १९७८ चा प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा मी आधी फक्त नावाने ऐकला होता. त्यातल्या व्याख्येत मालाचा प्रश्न मध्यवर्ती नाही. सभासद जोडले जाण्यावर अवलंबून असलेला झटपट पैसा, हा मुद्दा आहे. जुलै २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ही व्याख्या ॲमवे या एमएलएम कंपनीच्या योजनेला लागू पडते असं म्हणून कंपनीची याचिका फेटाळली. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये कॉस्कॉट नावाच्या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात असंच सांगितलं होतं: बक्षीस जर माल शेवटच्या ग्राहकाला विकण्यावर नसून माणसं आणण्यावर मिळत असेल, तर तो पिरॅमिड. १९७९ मध्ये त्याच कमिशनने ॲमवेला मात्र पिरॅमिड ठरवलं नाही. न विकलेला माल परत घेणं, सत्तर टक्के माल विकल्याशिवाय नवा न घेणं, दरमहा दहा ग्राहकांना विकणं, असे नियम कंपनीने ठेवले होते, हे त्यामागचं कारण. या दोन निकालांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. प्रश्न माल आहे की नाही हा नाही, साखळीच्या बाहेरचं माणूस तो माल त्या किमतीला विकत घेतं का, हा आहे. मावशींच्या वहीत बाहेरच्या ग्राहकांची नावं मी शोधली. होती ती दोन-तीन, आणि त्यांतही एक आमच्याच घरातलं.

आपल्याकडचं चित्र सरळ नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१३ च्या मे महिन्यात केरळ पोलिसांनी ॲमवे इंडियाच्या प्रमुखांना अटक केली तेव्हा केंद्रातल्या मंत्र्यांनीच नाराजी व्यक्त केली, कारण थेट विक्री करणाऱ्या कंपन्या आणि ठगांच्या योजना यांना एकच कायदा लावला जातो, अशी उद्योगाची तक्रार होती. मलाही तेव्हा ते पटलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने त्याच कंपनीची ७५७ कोटींहून अधिकची मालमत्ता जप्त केली, त्यात आमच्या तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यातली जमीन आणि कारखानाही होता. ईडीच्या म्हणण्यानुसार २००२-०३ ते २०२१-२२ या काळात कंपनीने २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि त्यातले ७,५८८ कोटी कमिशन म्हणून वाटले. हे तपास यंत्रणेचं म्हणणं आहे, त्याला मी निकाल म्हणणार नाही. पण हिशेबाच्या माणसाला त्यात एक गोष्ट दिसते. दर शंभर रुपयांतले सत्तावीस रुपये कमिशनचे असतील तर ते मालाच्या किमतीतच असणार, आणि तो माल घेणारे मुख्यतः सभासदच असतील तर सभासद आपलंच कमिशन आधी भरत असतात.

महाराष्ट्रातही हे आलंच. २०११ मध्ये मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलेल्या स्पीकएशियाच्या प्रकरणात तर माल म्हणून साबणही नव्हता. ११,००० रुपये भरा, आठवड्याला ऑनलाइन सर्वेक्षणं भरा आणि वर्षाला ५२,००० मिळवा. तेव्हा मी पुण्याच्या एका नातेवाइकाला म्हटलं होतं की यात माल नाही म्हणून हे खोटं. उत्तर बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं.

डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिड योजनांना त्यात स्पष्ट मनाई आहे. सभासद होण्यासाठी शुल्क घ्यायचं नाही, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. नियम चांगले आहेत आणि शहरात अनोळखी दारावर येणाऱ्या माणसासाठी त्यांचा उपयोग होईल. पण आमच्यासारख्या लहान समाजात विक्रेती म्हणजे अत्या असते. ती नवरात्रातल्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीच्या, दिवसांत हळदीकुंकवाला येते आणि तिच्या पिशवीत ब्रोशर असतं.

त्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. आम्ही थोडे आहोत. तंजावर, कुंभकोणम, त्रिची, चेन्नई, बंगळूर अशी विखुरलेली घरं, आणि आमची बोली टिकली आहे ती एकमेकांच्या घरी जाण्यामुळे. रामनवमीचं भजन, नवरात्रातलं कोलू, कुणाच्या घरचं पुरण. आमच्यातल्या कुणी शंभर नावांची यादी केली तर पहिल्या पानावरच सगळा समाज संपतो. मी स्वतः पाहिलं आहे, की काही वर्षं काही घरांना कोलूचं बोलावणं जाईनासं झालं. आली तर प्लॅन काढील, या धास्तीने. ज्यांनी बोलावणं बंद केलं त्यांनाही वाईट वाटत होतं. पैशाचं नुकसान वहीत मांडता आलं. हे वहीत मांडता आलं नाही.

तरीही मावशींना त्या धंद्याने काही दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्रिचीच्या सभागृहात पहिल्यांदा त्यांना मंचावर बोलावलं, नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. साठीच्या जवळ आलेल्या त्या बाईला आयुष्यात कुणी मंचावर बोलावलं नव्हतं. त्या तमिळमध्ये पाच मिनिटं बोलल्या. परत आल्यावर त्यांनी स्कूटर शिकून घेतली, बँकेत एकट्या जाऊ लागल्या. वही पुरी झाल्यावर मी आकडे त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा त्या बराच वेळ पाहत बसल्या, मग म्हणाल्या, "पैसे गेले ते कळलं. पण बोलायला तिथेच शिकले मी." मी त्याला काही उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं. आमच्या समाजाने, आमच्या देवळांनी, भजनमंडळींनी, शाळांनी या बायकांना एक मंच दिला असता तर त्यांना तो विकत घ्यावा लागला नसता. हावरटपणाने लोक यात पडतात, असं जे बोललं जातं, ते मला आता अजिबात मान्य नाही. त्या दुपारी मोकळ्या असलेल्या, शिकलेल्या बायकांना काहीतरी स्वतःचं हवं होतं. तेही माणसांशी बोलण्याचं काम, ज्यात त्या मुळातच हुशार होत्या.

आता मला काय वाटतं ते सांगते. प्रत्येक कंपनीला दर वर्षी हे जाहीर करायला लावावं: एकूण सभासद किती, त्यांतल्या किती जणांना वर्षभरात एक रुपयाही मिळाला नाही, उरलेल्यांना किती मिळाला, आणि प्रत्येकाने स्वतः किती माल घेतला. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये सत्तर एमएलएम कंपन्यांची उत्पन्नाची निवेदनं तपासली. त्यांतल्या बहुतेकांत ज्यांना काहीच मिळालं नाही असे लोक वगळलेले होते आणि खर्च धरलाच नव्हता. बहुतेक सभासदांची कमाई वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी होती. ते वाचताना मला माझं टेबल आणि त्यावरचा २६-एएस आठवला. तिथेही गेलेल्या पैशांना रकाना नव्हता.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी आता कंपनीची नोंदणी दाखवत नाही. कंपनीचं नाव घेऊन बरंवाईटही बोलत नाही. ज्याने तुम्हाला प्लॅन दाखवला त्याचं बँकेचं पासबुक आणि वर्षभराच्या खरेदीच्या पावत्या घेऊन या, असं सांगते, आणि साखळीत नसलेल्या ग्राहकांची यादीही आणायला सांगते. बहुतेक जणी परत येत नाहीत. काही रागावतातही. एकीने तर मला तिच्या सुनेची प्रगती पाहवत नाही, असं चारचौघांत सांगितलं. ते मी सहन करते.

एक माणूस मात्र माझ्या सगळ्या हिशेबाला पुरून उरतो. माझा चुलत भाऊ. तो छत्तीसांतला एक आहे. खर्च वजा जाऊनही त्याला चांगलं उत्पन्न आहे, त्यावर तो कर भरतो आणि त्याचं रिटर्न मीच भरते. मी त्याला माझं सगळं म्हणणं सांगितलं, गणित मांडून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "अक्का, मी कुणाला खोटं सांगितलं का? जे मला मिळालं तेच सांगतो." त्याने खोटं सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, मग तुझ्या खालच्या पहिल्या दोन रांगांतल्या माणसांचे हिशेब मला मांडू दे, आलेले आणि गेलेले. तुझ्या खर्चाचं नाही विचारत, त्यांचे. तो म्हणाला, "ते माझे कागद नाहीत, मी कसे देऊ?" हेही बरोबर आहे. मी त्याला त्यांच्याकडे मागून पाहा म्हटलं. तो बघतो म्हणाला. जुलैत त्याचं रिटर्न भरायचं आहे, तेव्हा पुन्हा विचारणार आहे.